सीचे शब्द: उच्चार, अर्थ आणि वहीत नोंदवायची पद्धत

सी या अक्षराला इंग्रजीत स्वतःचा असा आवाज नाही. कधी ते के-चं काम करतं, कधी एस-चं. शेजारी एच आला की त्याचा च, क किंवा श होतो, आणि मोजक्या शब्दांत ते मुकंच राहतं. शब्दकोशात एस-च्या खालोखाल सर्वात जास्त पानं सी आणि पी यांची असतात. त्यामुळे शब्दसंग्रह वाढवायला एखादं अक्षर हाती घ्यायचंच असेल, तर सी घेतलेलं सर्वात फायद्याचं.

इंदूरच्या मराठी घरांत घरी मराठी, शाळेत आणि बाजारात हिंदी, आणि लोकसेवा आयोगाच्या किंवा बँकेच्या परीक्षेपुरती इंग्रजी असा मामला असतो. पुण्या-मुंबईकडच्या मार्गदर्शिका हिंदीचा परिणाम लक्षात घेत नाहीत, आणि इंदूरच्या भंवरकुआं भागात मिळणाऱ्या हिंदी पुस्तिकांना मराठीच्या सवयी ठाऊक नसतात. खालची पद्धत दोन्ही ध्यानात घेऊन मांडली आहे.

आधी देवनागरी नीट वापरा

उच्चार लिहून ठेवायला आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी सर्वात अचूक. ती येत असेल तर तीच वापरा. बाकीच्यांचं काम देवनागरीने भागतं, पण काही पथ्यं पाळावी लागतात.

पहिलं पथ्य कॅ आणि कॉ यांचं. आपल्या शहरातल्या हिंदी पाट्यांवर कैंप, कैंट, कालेज असं दिसतं, आणि हिंदी शाळेत शिकलेली मराठी मुलंही तसंच लिहू लागतात. मराठीत अर्धचंद्र आहे, तो सोडू नका. ‘कैप’ असं लिहिलं तर ते कॅप, म्हणजे टोपी, की केप, म्हणजे समुद्रात शिरलेलं भूशिर, हे चार दिवसांनी तुमचं तुम्हालाच कळणार नाही.

दुसरं, लांबवलेल्या स्वरासाठी अवग्रह, म्हणजे ऽ ही खूण, वापरा. सी-ओ-टी म्हणजे कॉट, खाट. सी-ए-यू-जी-एच-टी म्हणजे कॉऽट, पकडलं. सी-ओ-ए-टी म्हणजे कोट. अवग्रह नसेल तर पहिले दोन वहीत एकसारखेच दिसतात.

तिसरं, झेड-च्या आवाजाला झ लिहा, पण तो ‘माझा’ आणि ‘झाड’ यांतला झ आहे, ‘झेंडा’ यातला नाही, हे मनात पक्कं ठेवा. ज्यांना हिंदीतला नुक्तेवाला ज सोयीचा वाटतो त्यांनी तो लिहावा. मात्र एकच खूण शेवटपर्यंत पाळावी. सी-ओ-यू-एस-आय-एन हा शब्द कझन आहे, कसिन नाही.

चौथं पथ्य जोराचं, आणि तेच सर्वात जास्त वेळा राहून जातं. इंग्रजी शब्दाचे अवयव, म्हणजे एका दमात उच्चारले जाणारे तुकडे, पाडून ज्या अवयवावर जोर आहे त्याच्या आधी ' अशी उभी खूण करा. मराठीत जोर बदलला म्हणून शब्द बदलत नाही, त्यामुळे आपल्या कानाला त्याची सवय नसते. इंग्रजीत त्याने अर्थ पालटतो. सी-ए-आर-ई-ई-आर हा शब्द क-'रिअर, म्हणजे पेशा. सी-ए-डबल आर-आय-ई-आर हा 'कॅ-रि-अर, म्हणजे वाहून नेणारा, टिफिन कॅरिअरमधला. आपण दोन्ही शब्दांत पहिल्याच अवयवावर जोर देतो, आणि मुलाखतीत ‘माझा करिअर’ म्हणताना समोरच्याला ‘माझा डबा’ ऐकू येऊ शकतो.

एक गोष्ट देवनागरीत नीट बसत नाही. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला, जोराच्या अवयवात येणारा क थोडा हवा सोडून उच्चारला जातो. तो ख नाही, पण आपला कोरडा क सुद्धा नाही. इंग्रजांच्या कानाला आपला कोरडा क पुष्कळदा ग वाटतो, कोट म्हटलं तर गोट, म्हणजे बकरी, ऐकू येतं. तोंडासमोर चार बोटांवर पातळ कागदाची पट्टी धरा आणि कॅट, कोट, कार म्हणा. पट्टी हलली पाहिजे. ती जोरात उडाली तर ख झाला. स्कूल, स्कोअर म्हणताना मात्र ती हलता कामा नये, कारण एस-नंतर ही हवा नसते.

पुढचं अक्षर बघा

सी-च्या पुढे ई, आय किंवा वाय असेल तर स, बाकी कुठलंही अक्षर असेल तर क. एच-चा अपवाद पुढे स्वतंत्र घेतला आहे. एका शब्दात दोन सी असतील तर प्रत्येकाचं पुढचं अक्षर वेगळं तपासा: सर्कसमध्ये पहिला स, दुसरा क, कॅन्सलमध्ये पहिला क, दुसरा स. सर्किटमध्ये दुसऱ्या सी-पुढे यू आहे म्हणून तिथे क, आणि तो यू पुढे उच्चारला जात नाही. ‘सर्क्युट’ ही चूक तिथूनच येते.

या नियमाचं कारण कळलं की तो घोकावा लागत नाही. जुन्या लॅटिनमध्ये सी म्हणजे नेहमी क. पुढे ई आणि आय यांच्या आधी तो आवाज मऊ होत गेला, फ्रेंचमध्ये त्याचा स झाला, आणि १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्दांबरोबर तो इंग्रजीत आला. ज्या अस्सल इंग्रजी शब्दांत ई-आय-च्या आधी क टिकून होता, त्यांचं स्पेलिंग बदलून के करण्यात आलं. किंग हा शब्द जुन्या इंग्रजीत सी-नेच लिहीत. म्हणून आज किंग, कीन, किन हे सगळे के-च्या पानावर सापडतात.

नियमात बसणारे, आणि परीक्षेत वारंवार येणारे काही शब्द वहीत सुरुवातीलाच घ्या. 'कॅन-डिड म्हणजे आडपडदा न ठेवता बोलणारा किंवा बोललेलं. 'को-जन्ट हे विशेषण युक्तिवादाला लागतं: नेमका आणि पटणारा, माणसाला ते लावत नाहीत. 'कर-स-री म्हणजे वरवरची, घाईत टाकलेली नजर. क्लॅन-'डेस-टिन म्हणजे चोरून, लपूनछपून केलेलं, आणि ते करण्यात काही गैर आहे असा त्यात सूर असतो. वाढदिवसाची गुपचूप तयारी केली तर हा शब्द चालत नाही. 'सर-कम-स्पेक्ट म्हणजे चहूबाजूंनी पाहून पाऊल टाकणारा. यातला सर्कम म्हणजे सभोवती आणि स्पेक्ट म्हणजे पाहणं, हे लिहून ठेवलं तर सर्कम-ने सुरू होणारे बाकीचे शब्दही सोपे होतात. 'सि-नि-कल म्हणजे लोकांच्या प्रत्येक चांगल्या कामामागे स्वार्थ शोधणारा. नुसत्या निराश माणसाला तो शब्द लावू नये.

सी-ई-डी-ई, सीड, म्हणजे मुलूख किंवा हक्क दुसऱ्याच्या हवाली करणं. १८१८ च्या मंदसौरच्या तहात होळकरांना बराच मुलूख इंग्रजांना द्यावा लागला, त्या देण्यासाठी हेच क्रियापद येतं. उच्चार बियाण्याच्या सीडसारखाच. याच्याजवळचे दोन शब्द नेहमी घोटाळा करतात: सी-ई-ए-एस-ई हे सीऽस, थांबणं; एस-ई-आय-झेड-ई हे सीऽझ, पकडणं, जप्त करणं. फरक फक्त शेवटच्या स आणि झ यांत आहे.

अपवाद थोडे आहेत. चेलो हे वाद्य इटालियन, म्हणून तिथे च. केल्टिक लोक आणि भाषा क-ने, पण त्याच स्पेलिंगचा ग्लासगोचा फुटबॉल क्लब सेल्टिक. सीझरच्या नावात सी-पुढे ए-ई ही जोडी आहे, तिचा ई होतो, त्यामुळे सी मऊ. प्रसूतीच्या शस्त्रक्रियेचा शब्द सि-'झेअ-रि-अन, ‘सिझर’ नव्हे. रशियाच्या सम्राटाच्या स्पेलिंगमध्ये सी-झेड असतं आणि उच्चार झार. तिथला सी मुका.

सी आणि एच एकत्र आले की

छप्पन दुकान, छावनी, चिमनबाग, चंदननगर: इंदूरच्या इंग्रजी पाट्यांवर सी-एच म्हणजे च नाहीतर छ, तिसरं काही नाही. डोळ्याला पडलेली हीच सवय इंग्रजी शब्द वाचताना नडते. इंग्रजीत या जोडीची तीन घराणी आहेत आणि शब्द कुठल्या घराण्यातला हे ओळखणं हेच खरं काम.

पहिलं घराणं अस्सल इंग्रजी आणि फार पूर्वी आलेल्या फ्रेंच शब्दांचं. चाइल्ड, चिन, चीझ, चॉक, चेअर, चेंज, चीफ. इथे च. पण मराठीत च दोन आहेत: ‘चार’ मधला आणि ‘चमचा’ मधला. इंग्रजीत फक्त ‘चार’ मधला. चॉऽक, चॉप, चंक, चोअर हे शब्द म्हणताना मराठी जीभ ‘चाक’ आणि ‘चूक’ यांच्या वळणावर जाते आणि समोरच्याला ‘त्स’ ऐकू येतं. उपाय सोपा: आधी ‘चार’ म्हणा आणि जीभ तिथेच ठेवून पुढचा शब्द म्हणा.

दुसरं घराणं ग्रीक. ग्रीक भाषेतल्या खी या अक्षराचा मूळ आवाज आपल्या ख-च्या जवळचा होता. रोमन लोकांनी तो सी-एच असा लिहिला, इंग्रजीत त्याचा क झाला. मराठीत आपण ख्रिस्त लिहितो ते त्या जुन्या आवाजाच्या अधिक जवळ आहे. विज्ञान, वैद्यक, संगीत आणि चर्च यांच्याशी संबंधित शब्द बहुतेक या घराण्यातले: केमिस्ट, क्रोमोसोम, कॉलरा, कोरस, कॉर्ड, कॅरॅक्टर. इथे एक नियम डोळे मिटून वापरता येतो. सी-एच-च्या लगेच पुढे एल किंवा आर असेल तर उच्चार क-च होणार: क्लोरीन, क्रोम, क्रॉनिक, क्रिसमस. इंदूरचं १८८७ सालचं क्रिश्चियन कॉलेज घ्या. इंग्रजीत ते 'क्रिस-चन. सुरुवातीचा सी-एच क आहे आणि मधला च टी-आय मुळे आला आहे.

या घराण्यातले चार शब्द उच्चारात हमखास चुकतात. 'के-ऑस, म्हणजे पुरता गोंधळ, ‘चाओस’ नव्हे. 'कॅ-झम, म्हणजे खोल दरी, आणि लाक्षणिक अर्थाने दोन पक्षांतली न मिटणारी दरी. क-'मी-लि-अन, सरडा, रंग बदलणारा. क्वायर, चर्चमधलं गायकवृंद. याचं स्पेलिंग सी-एच-ओ-आय-आर आणि त्यात क्व-चा मागमूसही नाही, तेव्हा हा पाठच करावा लागतो. अर्थाच्या बाजूने सर्वात जास्त चुकणारा शब्द क्रॉनिक. पुष्कळजण तो ‘गंभीर’ म्हणून वापरतात. त्याचा अर्थ जुनाट, दीर्घकाळ चालणारं. मधुमेह क्रॉनिक असतो, तो काबूत असला तरी. एका रात्रीत जिवावर बेतणाऱ्या दुखण्याला क्रॉनिक म्हणत नाहीत.

तिसरं घराणं उशिरा आलेल्या फ्रेंच शब्दांचं, आणि इथे श. चीफ आणि शेफ हे एकाच फ्रेंच शब्दाचे दोन अवतार आहेत. चीफ मध्ययुगात आला म्हणून च घेऊन बसला, शेफ एकोणिसाव्या शतकात आला तो श घेऊनच. शॅम्पेन, शोफर, शॅन-ड-'लिअर म्हणजे झुंबर, 'शि-व्हल-री म्हणजे स्त्रियांशी आणि दुबळ्यांशी वागण्यातलं सरदारी सौजन्य, 'शार-ल-टन म्हणजे नसलेलं ज्ञान मिरवणारा भोंदू. शीक हा शब्द सी-एच-आय-सी असा लिहितात आणि अर्थ नीटनेटकं, फॅशनचं. त्याला ‘चिक’ म्हटलं तर कोंबडीचं पिल्लू होतं. पीथमपूरच्या वाहन-कारखान्यांत ‘चेसिस’ सर्रास चालतं, कामही होतं. पण परदेशी खरेदीदाराशी बोलताना 'शॅ-सी म्हणा. एकवचनी आणि अनेकवचनी स्पेलिंग एकच, अनेकवचनी उच्चार 'शॅ-सीझ. पाळणाघराच्या पाट्यांवरचा शब्द क्रेश आहे, ‘क्रेच’ नाही. हाच श शब्दाच्या शेवटी असला की कॅश, म्हणजे लपवलेला साठा किंवा संगणकातली तात्पुरती साठवण, आणि 'क्ली-शे, म्हणजे वापरून वापरून गुळगुळीत झालेला वाक्प्रचार.

अनोळखी सी-एच समोर आला तर असं करा. पुढे एल किंवा आर आहे का पहा. असेल तर क. नसेल तर विषय पहा. शास्त्र, शरीर, गाणं किंवा ग्रीक पुराण असेल तर क धरा. खाणं, कपडे, उंची राहणीमान असेल, किंवा शब्दाच्या शेवटी ई-टी, ई-यू-आर, जी-एन-ई अशी फ्रेंच शेपटी असेल तर श धरा. यांपैकी काहीच नसेल तर च. हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो, तरी वहीत पेनाने लिहिण्याआधी शब्दकोशात ऐकून खात्री करा, तोवर पेन्सिलने.

न उच्चारली जाणारी अक्षरं

एम-बी जोडीने संपणाऱ्या शब्दांत बी मुका: कोम, क्लाइम, क्रम म्हणजे पावाचा चुरा. ए-एल पुढे एम, के किंवा एफ असेल तर एल मुका: कार्यालयातल्या सूचनेत दिसणारा सी-ए-एल-एम हा शब्द आपल्या ‘काम’सारखाच, तसंच चॉऽक आणि काफ. कपाटाचा शब्द 'क-बर्ड, त्यातला पी उच्चारत नाहीत. 'कम्फ-ट-बल तीन अवयवांचा आहे. ‘कम्फर्टेबल’ ही फोड आपली.

कर्नलच्या स्पेलिंगमध्ये एल आहे आणि उच्चारात र, कारण हा शब्द इंग्रजीत इटालियन वळणाचा एल-वाला आणि फ्रेंच वळणाचा आर-वाला अशा दोन रूपांत होता. लिहिताना पहिलं रूप टिकलं, बोलताना दुसरं. सैन्यातलाच दुसरा शब्द सी-ओ-आर-पी-एस: उच्चार कोअर, पी आणि एस दोन्ही मुके. ‘कॉर्प्स’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला प्रेत वाटतं, कारण त्या शब्दाला शेवटी फक्त एक ई जास्त आहे. सत्तापालटाचा शब्द कू. तिथेही पी मुका.

इंदूरकरांनी दोन जोड्या तरी पक्क्या कराव्यात, कारण त्या आपल्या रोजच्या आहेत. एक कापडाची. महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधला क्लॉथ म्हणजे न शिवलेलं कापड. त्यातला थ हा आपला थ नाही: जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेला हलकंच लावून हवा सोडायची. शिवलेल्या कपड्यांचा शब्द क्लोद्झ, स्वर ओ, आणि तो नेहमी अनेकवचनी. जलद बोलण्यात ‘क्लोझ’ झाला तरी चालतो. ‘क्लॉथ्स’ म्हणजे पुसायची फडकी. दुसरी जोडी स्वच्छतेची. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरचं नाव अग्रभागी आहे, त्यामुळे इथल्या प्रत्येक भाषणात हा शब्द येतो, आणि बहुधा ‘क्लीनलिनेस’ असा येतो. क्लीन खरं, पण त्यापासून झालेले शब्द 'क्लेन-लि-नस, म्हणजे स्वच्छता, आणि क्लेन्झ, म्हणजे खोलवर शुद्ध करणं. स्वर ऱ्हस्व ए.

कॉन आणि कम: सी-चा सर्वात मोठा ढीग

सी-ओ-ने सुरू होणाऱ्या शब्दांत कॉन, कम, कोल, कोर यांचा भरणा सर्वात जास्त. हे सगळे एकच लॅटिन उपसर्ग आहेत, अर्थ ‘एकत्र, सह, पूर्णपणे’. पी, बी, एम यांच्या आधी तो कम किंवा कॉम होतो, एल-च्या आधी कोल, आर-च्या आधी कोर, स्वराच्या आधी नुसता को. म्हणूनच कोलेक्शन, कोरेक्शन, कमिटी या शब्दांत दुहेरी अक्षर येतं: एक उपसर्गाचं, एक मूळ शब्दाचं. हे कळलं की कमिटीत एम किती, कोलीगमध्ये एल किती, असे प्रश्न उरत नाहीत.

आपल्याकडे हेच काम ‘सम्’ करतो, आणि तोही पुढच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतो. म्हणून पाठांतरासाठी एक सोय होते: कॉन-चा शब्द दिसला की मराठीत ‘सं’ लावून पहा. कॉन्टॅक्ट संपर्क, कॉन्फ्लिक्ट संघर्ष, कन्सेन्ट संमती, कॉन्व्हर्सेशन संवाद, कॉन्टेक्स्ट संदर्भ, कनेक्शन संबंध, कन्साइस संक्षिप्त, कॉन्सेप्ट संकल्पना, कॉन्स्टिट्यूशन संविधान, कलेक्शन संग्रह, कम्प्लीट संपूर्ण, कन्फ्यूजन संभ्रम. 'कॉन-फ्लु-अन्स म्हणजे संगम. कान्ह आणि सरस्वती या नद्या इंदूर शहरात जिथे मिळतात त्या जागेला हाच शब्द. ही सोय सगळीकडे लागू होत नाही: कन-'टेम्प्ट म्हणजे तुच्छता किंवा अवमान, आणि नुसतं कॉन म्हणजे फसवणूक. तरी पन्नासेक शब्द या एका खुंटीवर टांगता येतात.

याच ढिगात जोर बदलून अर्थ बदलणारे शब्द आहेत. नाम असेल तर जोर पहिल्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. 'कॉन-डक्ट वागणूक, कन-'डक्ट चालवणं. 'कॉन-व्हिक्ट शिक्षा झालेला गुन्हेगार, कन-'व्हिक्ट दोषी ठरवणं. 'कॉन-ट्रॅक्ट करार, कन-'ट्रॅक्ट आकसणं किंवा आजार जडणं. 'कॉन-सोल यंत्राचा नियंत्रण-फलक, कन-'सोल सांत्वन करणं. 'कॉन-टेन्ट मजकूर, कन-'टेन्ट समाधानी (हे विशेषण, तरी जोर दुसऱ्यावर). 'कॉम-पाउंड रसायनातलं संयुग किंवा घराभोवतीचं आवार, कम-'पाउंड आधीच्या संकटात भर घालणं. जोर नसलेल्या अवयवातला स्वर नेहमी फिका पडतो, कॉन-चा कन होतो, हे कानाने टिपा. जोर ओळखायची तीच सोपी खूण.

काही शब्द या जोडीत बसत नाहीत. कन-'ट्रोल आणि कन-'सर्न नाम असो वा क्रियापद, जोर दुसऱ्यावरच. आपल्याकडे रेशनच्या दुकानाला ‘कंट्रोल’ म्हणताना पहिल्या अक्षरावर जोर बसला आहे, तोच इंग्रजीतही जातो, तो सोडवा.

अर्थाच्या गल्लती

‘कॉपी’ या शब्दाने इंदूरात दुहेरी घोळ होतो. इथल्या हिंदीत कॉपी म्हणजे वही, महाराष्ट्रातल्या मराठीत परीक्षेतली कॉपी म्हणजे लबाडी. इंग्रजीत कॉपी म्हणजे प्रत किंवा नक्कल. वहीला नोटबुक आणि परीक्षेतल्या लबाडीला चीटिंग म्हणा. करंटचंही तसंच: आपल्याला करंट लागतो, इंग्रजीत शॉक लागतो, करंट म्हणजे तारेतून वाहणारा प्रवाह.

क्लासिक आणि क्लासिकल एक नाहीत. इंदूरचे उस्ताद अमीर खाँ गात ते क्लासिकल, शास्त्रीय. त्यांची एखादी बंदिश पिढ्यानपिढ्या नमुना म्हणून ऐकली जाते, ती क्लासिक. होळकर संघाकडून खेळलेले आणि १९३२ साली भारताच्या पहिल्या कसोटीत कर्णधार असलेले सी. के. नायडू यांच्या खेळीलाही क्लासिक म्हणता येईल, क्लासिकल नाही.

'क्रे-डि-बल म्हणजे विश्वास ठेवण्याजोगं, 'क्रे-ड्यु-लस म्हणजे कशावरही विश्वास ठेवणारा, भोळसट. साक्षीदार पहिला असावा, न्यायाधीश दुसरा नसावा. चाइल्डलाइक ही स्तुती, निरागस. चाइल्डिश ही निंदा, पोरकट. कन्टिन्युअस म्हणजे खंड न पडता, कन्टिन्युअल म्हणजे थांबून थांबून पण पुन्हा पुन्हा. कॅझ्युअल म्हणजे सहज. एक अक्षर सरकलं की कॉऽझल, म्हणजे कारणाशी संबंधित. कॉम्प्लिमेंटचं स्पेलिंग आय-ने केलं तर स्तुती, ई-ने केलं तर पूरक. उच्चार सारखाच, म्हणून कम्प्लीटमधला ई लक्षात ठेवा, पूरक गोष्ट पूर्ण करते. काउन्सिल परिषद, एस-वालं काउन्सेल सल्ला किंवा वकील, उच्चार दोन्हींचा 'काउन-सल. सेन्सर कापतो, 'सेन-शर ठपका ठेवतो. क्राय-'टिअ-रि-अन एक निकष, क्रायटेरिया अनेक. ‘एक क्रायटेरिया’ हे चूक.

शब्दामागे काय लागतं हेही अर्थाचाच भाग आहे. कोप-नंतर विथ येतं, मध्ये अप येत नाही. कम्प्राइज-नंतर ऑफ नाही, कन्सिस्ट-नंतर ऑफ हवंच. कन्सर्न्ड हा शब्द अधिकारी या नामाच्या आधी ठेवला तर ‘चिंतेत असलेला अधिकारी’, नंतर ठेवला तर ‘संबंधित अधिकारी’. सरकारी अर्जांत हा शब्द बहुतेक चुकीच्या बाजूला असतो.

वही कशी आखायची

दोनशे पानी वही घ्या आणि दुसऱ्या अक्षराप्रमाणे आधीच वाटून टाका: सी-ए ३५ पानं, सी-एच ३०, सी-ओ ६०, सी-आर २०, सी-एल १५, सी-यू १५, आणि सी-ई, सी-आय, सी-वाय मिळून २५. सगळ्यांना सारखी पानं दिली तर सी-ओ आठवड्याभरात ओसंडतं आणि सी-वाय रिकामं राहतं.

पानावर चार रकाने: स्पेलिंग, जोराच्या खुणेसह उच्चार, मराठी अर्थ, आणि शब्द वापरलेलं, स्वतः रचलेलं एक वाक्य. चौथा रकाना सोडू नका. नुसता अर्थ पाठ केलेला शब्द ओळखता येतो, वापरता येत नाही. मराठी अर्थ एका शब्दात बसत नसेल तर बसवू नका. क्लॅन्डेस्टाइन आणि क्लॅन-'डेस-टिन असे दोन मान्य उच्चार असतील तर दोन्ही लिहा, पण वापरायचा त्यावर खूण करा.

रोज आठ शब्द पुरे. वीस घेतले तर तिसऱ्या दिवशी उजळणीचंच ओझं होतं आणि वही सुटते. त्या आठांत एका घराण्याचे चारच घ्या. सगळे श-वाले एका दिवशी घेतले की डोकं सगळीकडे श लावू लागतं. दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि एकविसाव्या दिवशी उच्चाराचा आणि अर्थाचा रकाना झाकून स्पेलिंगवरून मोठ्याने वाचा. मनातल्या मनात वाचलं तर जोर तपासला जात नाही. चुकलेल्या शब्दापुढे टिंब द्या. तीन टिंबं झालेला शब्द नव्या पानावर नव्या वाक्यासह पुन्हा लिहा.

उच्चार तपासताना ऑनलाइन शब्दकोशातलं कर्ण्याचं चिन्ह दाबून ऐका, दोनदा ऐका, मग म्हणा, मग फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून शेजारी लावून ऐका. ब्रिटिश की अमेरिकन, हे आधीच ठरवा. सी-एल-ई-आर-के ब्रिटिश उच्चारात क्लार्क, अमेरिकन उच्चारात क्लर्क. सी-एच-ए-आर-ए-डी-ई, म्हणजे पोकळ देखावा, श-'राड ब्रिटिश, श-'रेड अमेरिकन. महूच्या छावणीचा शब्द घ्या: भारतात कॅन्टोनमेंट रूढ आहे आणि इथे तोच बोलावा, ब्रिटिश शब्दकोशात मात्र तो कॅन-'टून-मन्ट सापडेल. अशा शब्दांपुढे ‘भा.’, ‘ब्रि.’, ‘अ.’ अशी खूण करून तिन्ही रूपं एका ओळीत लिहा, म्हणजे पुढे कुठलंही कानावर पडलं तरी ते चूक वाटणार नाही.